पोरगं अंगणवाडीत नुसतं खेळतं, मग शिकतं कधी?

प्रश्न : आम्ही गोंडपिपरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. नातू चार वर्षं पुरी करून पाचव्यात लागला आहे. गावच्या अंगणवाडीत जातो. घरी आल्यावर ‘आज काय शिकलास?’ म्हणून विचारलं तर सांगतो, ‘खेळलो. खिचडी खाल्ली.’ रोज हेच. शेजारचा त्याच्याच वयाचा पोरगा कॉन्व्हेंटच्या गाडीत बसून जातो आणि वही उघडून ए पासून झेडपर्यंत लिहून दाखवतो. मुलगा म्हणतो, आपणही याला तिथंच टाकू. माझं विचारणं तीन गोष्टींचं आहे. अंगणवाडीच्या त्या एका खोलीत मूल खरंच काही शिकतं का? सून माहेरची गोंडी बोलते, आम्ही मराठी. दोन भाषांनी पोराचा गोंधळ होतो का? आणि मुलगा-सून मिरची तोडायला तेलंगणात जातात तेव्हा पोराला सोबत जाऊ द्यावं की माझ्याजवळ ठेवावं?
— एक आजोबा, गोंडपिपरी तालुका

उत्तर : आजोबा, तुमचा नातू तुम्हाला खरं तेच सांगतो आहे. तो खेळतो. आपण काही शिकतो आहोत हे चार वर्षांच्या मुलाला ठाऊक नसतं, त्यामुळे त्याच्या सांगण्यावरून अंगणवाडीची पारख करता येणार नाही. ती घरी आणि अंगणवाडीत, दोन्हीकडे स्वतः बघून करावी लागेल. सुरुवात घरी करू.

अंगणात बसा. पाच चिंचोके तुमच्यासमोर एका ओळीत मांडा आणि त्यांच्याच समोर नातवाला त्याचे पाच मांडायला सांगा, एकासमोर एक. विचारा, ‘दोघांचे सारखे आहेत का?’ तो हो म्हणेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत तुमच्या ओळीतले चिंचोके एकमेकांपासून लांब सरकवा. एकही वाढवू नका, एकही काढू नका. मग विचारा, ‘आता कोणाचे जास्त?’ बहुधा तो म्हणेल, ‘तुमचे.’ ओळ लांब झाली म्हणजे चिंचोके वाढले, असं या वयाच्या मुलांना मनापासून वाटतं. जाँ पियाजे या स्विस अभ्यासकाने गेल्या शतकात मुलांसमोर अशाच ओळी मांडून हे दाखवून दिलं. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी मूल ठामपणे सांगू लागतं की सरकवल्याने संख्या बदलत नाही. तोवर त्याच्या हातून चिंचोके, खडे, मणी हजारदा मांडले जावे लागतात, मोडले जावे लागतात, वाटले जावे लागतात. ते काम अंगणवाडीत होतं आणि पाहणाऱ्याला तो खेळ वाटतो.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. चिंचोक्यांचा ढीग समोर ठेवा आणि म्हणा, ‘मला चार दे.’ पुष्कळ मुलं एकपासून पन्नासपर्यंत धडाधड म्हणतात आणि चार मागितले तर मूठभर उचलून देतात. त्यांना आकडे पाठ आहेत, संख्या अजून कळलेली नाही. जो पोरगा दहाच्या पुढे म्हणत नाही पण चार मागितल्यावर मोजून चारच देतो, तो गणितात पुढे आहे. पहिलीत गेल्यावर बेरीज त्यालाच कळते. तुमच्या नातवाला चार देता आले, तर ते त्याला कुठे आलं असेल? फार करून खिचडीच्या वेळी. अंगणवाडीच्या ताई म्हणतात, ‘प्रत्येकाला एक ताट ठेव.’ मूल ताटं घेऊन रांगेतून जातं, एका मुलासमोर एक ताट. शेवटी एक पोरगी ताटाविना राहते, तेव्हा त्याला कळतं की एक कमी पडलं. एकास एक जोडी लावणं हा अंकगणिताचा पायाच आहे आणि तो तिथे भुकेच्या वेळी, अगदी गरजेपोटी घातला जातो.

आता लिहिण्याचं. शेजारच्या पोराची वही बघून तुम्हाला हुरहुर वाटली, ती स्वाभाविक आहे. पण मनगटाची एक गोष्ट ऐका. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा ती मऊ कूर्चेची असतात, क्ष-किरणात दिसतसुद्धा नाहीत. तिसऱ्या वर्षापर्यंत त्यातली दोन-तीन कडक होऊ लागलेली असतात, सहाव्याच्या आसपास सात, आणि आठवं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान धरतं. बोटांचे बारीक स्नायूही याच काळात हळूहळू ताकद धरतात. अशा हातात पेन्सिल देऊन रोज एकेक पान भरून घेतलं, तर मूल पेन्सिल मुठीत धरतं, खांद्यापासून जोर लावतं, बोटं दुखतात म्हणून रडतं, आणि चुकीची पकड एकदा बसली की पुढे ती सोडवताना शिक्षकांची पुरेवाट होते. मण्यांची माळ ओवणं, मातीचे गोळे वळणं, कागद फाडणं, पानं चिकटवणं, भेंडीच्या ठशांनी चित्र उठवणं, शेंगा सोलणं, ही सगळी त्या बोटांची तालीम. पाच-साडेपाच वर्षांचं मूल या तालमीतून आलेलं असेल तर त्याला अक्षर गिरवायला फार दिवस लागत नाहीत. तुमच्या घरी तुरीच्या शेंगा सोलायला बसाल तेव्हा नातवाला शेजारी घ्या. सोललेले दाणे थोडे आणि सांडलेले जास्त, असं होईल. होऊ द्या.

‘तळ्यात-मळ्यात’ तुम्हीही लहानपणी खेळला असाल. ताई म्हणतात ‘तळ्यात’, मुलं पुढे उडी मारतात, ‘मळ्यात’, मागे. मग ताई मुद्दाम दोनदा ‘तळ्यात’ म्हणतात. पाय उचलला जातच असतो, तेवढ्यात मुलाला तो थांबवावा लागतो. तीन वर्षांच्या मुलाला ते बिलकूल जमत नाही, पाच वर्षांच्याला बऱ्यापैकी जमतं. मनात उसळलेली गोष्ट आवरणं, ऐकून मगच हलणं, आपली पाळी येईपर्यंत दम धरणं, हे या दोन वर्षांत मेंदूच्या पुढच्या भागात घडत असतं, आणि अशा खेळांनी त्याला सराव मिळतो. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळही याच जातीचा. शाळेत पहिल्या वर्षी मागे पडणाऱ्या पुष्कळ मुलांची अडचण अक्षरांची नसतेच. त्यांना बसता येत नाही, ऐकता येत नाही, रडू आवरता येत नाही. अंगणवाडीतून आलेल्या मुलाची ती अडचण पहिल्याच वर्षी निम्मी सुटलेली असते.

आणि बोलणं. माझ्या मते हेच सगळ्यात मोठं. ताईंनी कोल्ह्याची गोष्ट सांगितली आणि मध्येच थांबून विचारलं, ‘मग कोल्ह्याने काय केलं असेल?’ तर वीस मुलांपैकी पाच तोंडं एकदम उघडतात. एक म्हणतो, पळाला. एक म्हणते, त्याला वाघाने खाल्लं. कारण तिच्या गावाच्या वेशीपर्यंत वाघ येतो आणि घरात त्याचीच चर्चा असते. ताईंनी तिला ‘गोष्टीत वाघ नाही, गप्प बस’ असं म्हटलं तर ती मुलगी आठवडाभर तोंड उघडणार नाही. ‘अगं बाई, वाघ कुठून आला? सांग बघू,’ असं विचारलं तर ती पाच वाक्यं बोलेल, त्यात ‘कारण’ येईल, ‘आधी’ येईल, ‘नंतर’ येईल. पुढे तिसरी-चौथीत धडा वाचून समजणं न समजणं हे लहानपणी कानावर किती शब्द पडले आणि तोंडातून किती निघाले यावर फार अवलंबून असतं. अक्षरं ओळखायला काही महिने पुरतात. शब्दांचा साठा व्हायला वर्षं लागतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, त्या तुम्हाला ठाऊकच असतील. दर महिन्याला वजन होतं, उंची मोजतात, दंडाचा घेर बघतात. वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येऊन मुलांना तपासतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोजच्या आहारातून ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं मिळाली पाहिजेत, असं अन्न सुरक्षा कायदा सांगतो. हे शिक्षणाहून वेगळं खातं आहे असं कोणी समजू नये. ज्याचं पोट रिकामं आहे त्याला ‘तळ्यात’ ऐकू येतं आणि ‘मळ्यात’ निसटतं. कमी ऐकू येणारं मूलही बहुतेकदा पहिल्यांदा अशा खोलीतच लक्षात येतं, कारण घरी ‘हट्टी आहे, हाक मारली तरी बघत नाही’ असं म्हणून सोडून दिलेलं असतं.

खेळातून शिकण्याचा हा सगळा विचार आपल्याकडे परदेशातून तयार होऊन आला, अशी अनेकांची समजूत आहे. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममधल्या गरीब कामगारवस्तीत पहिलं बालगृह उघडलं, हे खरं. त्यांच्या पद्धतीवर भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी काम केलं. पण ती पद्धत शहरातली होती, तिची साधनं महाग होती. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि त्या दोघींनी ती आपल्या मातीत उतरवली. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. विकतच्या मण्यांऐवजी बिया, शंख-शिंपले, पानं, काटक्या घेतल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना, गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून अनुताईंनी कुरणातच शाळा भरवली. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळालं. म्हणजे तुमच्या गावातली ती खोली मूळ आदिवासी आणि गरीब मुलांसाठीच, त्यांच्याच रानातल्या वस्तू घेऊन विचारपूर्वक घडवलेली आहे. कॉन्व्हेंट परवडत नाही म्हणून मूल ठेवायची ती जागा आहे, असं मानलं तर त्या दोन बायकांच्या आयुष्यभराच्या कामावर अन्याय होतो.

आता दुसरी बाजू, कारण तुमची तक्रार निराधार नाही. वर सांगितलं ते प्रत्येक अंगणवाडीत रोज घडतं का? नाही घडत. काही ठिकाणी खिचडी वाटली की दार बंद होतं. काही ठिकाणी मुलं तोंडावर बोट ठेवून भिंतीला टेकून बसलेली असतात. याचं खापर ताईंच्या डोक्यावर फोडण्याआधी त्यांचा दिवस बघा. मुलं घ्यायची, आहाराकडे बघायचं, गरोदर बायकांच्या घरभेटी, घरपोच आहाराचं वाटप, लसीकरणाचा दिवस, वजनं, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल अ‍ॅपवर नोंदी, त्यात रानातल्या गावात मोबाईलला रेंज मिळत नाही म्हणून उंचवट्यावर जाऊन उभं राहणं. मदतनीस स्वयंपाकात. मग मुलांशी बोलणार कोण आणि कधी? तमिळनाडूत अभ्यासकांनी ६४० अंगणवाड्या घेतल्या आणि त्यांतल्या निम्म्यांत केवळ बालशिक्षणासाठी एक जादा कार्यकर्ती अर्धा दिवस दिली. दीड वर्षाने बघितलं तर त्या अंगणवाड्यांतली मुलं भाषेत आणि गणितात पुढे होती, आणि जुन्या सेविकेला आहार-आरोग्याला वेळ मिळाल्याने कुपोषणही कमी झालं होतं. तिथे ना इमारत बदलली, ना साधनांचा ढीग ओतला. मुलांसाठी मोकळा असलेला एक माणूस मिळाला, एवढंच.

अमेरिकेतला एक जुना प्रयोगही इथे सांगण्यासारखा आहे. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात १९६२ मध्ये गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पेरी बालवाडी सुरू झाली. एकूण १२३ मुलं अभ्यासात होती. काहींना बालवाडी मिळाली, काहींना नाही. शिक्षिका दर आठवड्याला मुलांच्या घरीही जात. बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यंक आधी वाढला आणि शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच तो फरक मावळला. लोक म्हणाले, पैसा फुकट गेला. पण अभ्यासकांनी मुलांची पाठ सोडली नाही. ती चाळिशीला आली तेव्हा दिसलं की बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शालेय शिक्षण पुरं केलं होतं, जास्त जण कामाला होते, कमी जणांना अटक झाली होती. बुद्ध्यंकातली आघाडी टिकली नाही. ठरवून काम करण्याची, चार माणसांत राहण्याची सवय टिकली. म्हणून मी ए ते झेडच्या वहीला फार महत्त्व देत नाही. पहिलीत गेल्यावर ती आघाडी बहुतेक मुलं भरून काढतात.

कॉन्व्हेंटबद्दल सरसकट वाईट बोलणार नाही. काही चालक मनापासून काम करतात. पण तालुक्याच्या गावी उघडणाऱ्या अनेक खोल्यांत पालकांना वही हवी असते म्हणून वहीच दिली जाते. मूल सकाळी अर्धवट झोपेत गाडीत बसतं, घरी कोणी बोलत नाही त्या भाषेत कविता पाठ करतं, आणि फीचा हप्ता मिरचीच्या मजुरीतून जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. आपल्या राज्याच्या अंगणवाड्यांसाठी बालशिक्षणाचा ठरलेला अभ्यासक्रम आहे. ताईंना विचारा, त्या तुम्हाला पुस्तिका दाखवतील. कॉन्व्हेंटमध्येही जाऊन विचारा की तुमचा अभ्यासक्रम कोणता. मग दोन्हींची तुलना करा.

तुमचा दुसरा प्रश्न भाषेचा. गोंधळ होत नाही. निश्चिंत राहा. दोन भाषांत वाढणारी मुलं सुरुवातीला एकाच वाक्यात दोन्हींचे शब्द मिसळतात, ते पाहून मोठी माणसं घाबरतात. पाच-सहा वर्षांपर्यंत मूल दोन्ही वेगवेगळ्या वापरू लागतं. आईशी एक, आजोबांशी दुसरी. तुमचा तालुका तर असा की मराठी आहे, गोंडी आहे, आणि नदी ओलांडली की तेलुगू. इथल्या बाजारात माणसं तिन्ही भाषांत भाव करतात आणि कोणाचा गोंधळ झालेला मी पाहिला नाही.

खरा धोका वेगळा आहे. गोंडी बोलणारं मूल अंगणवाडीत येतं, ताई फक्त मराठीत बोलतात, मूल महिनोन्‌महिने गप्प बसतं, आणि सगळे ठरवतात की ते ढ आहे. ते ढ नसतं. त्याला ‘कपडा आण’ म्हटल्याचं कळलेलंच नसतं. उपाय अवघड नाही. उंदी, रंड, मूंद म्हणत चिंचोके मोजले तरी ते तितकेच भरतात, आणि एकदा पाचाचं पाचपण कळलं की मराठीतले आकडे त्यावर चढवायला वेळ लागत नाही. सून घरी असते तेव्हा तिला आठवड्यातून एखाद्या सकाळी अंगणवाडीत जाऊन गोंडीतून गोष्ट सांगायला सांगा. तिच्या सासरी तिची भाषा कमी प्रतीची मानली जात असेल, तर त्या दिवशी तिच्या पोराला पहिल्यांदा दिसेल की आईची भाषा ताईंनाही ऐकावीशी वाटते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. सगळ्या गावांना तेवढं जमणार नाही. अंगणवाडीत गोंडी गोष्ट मात्र कोणत्याही गावाला जमेल, आणि सेविका गावातलीच असावी असा नियम असल्याने अनेक ठिकाणी ताईंना ती भाषा येतेही.

तिसरा प्रश्न मिरचीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं तेलंगणात जातात, हे मला ठाऊक आहे. तुमची तब्येत ठीक असेल आणि घरी आणखी एखादं माणूस असेल, तर नातू तुमच्याजवळ राहू द्या. तिखटाच्या ढिगाशेजारी, उन्हात, पालात दिवस काढण्यापेक्षा ओळखीच्या ताई आणि ओळखीची मुलं बरी. चार वर्षांच्या मुलाला आईपासून दोन महिने लांब राहणं जड जातं, हेही खरं. त्यासाठी रोज संध्याकाळी फोन लावा, आणि आई येणार तो दिवस भिंतीवर खुणा करून दाखवा, म्हणजे रोज एक खूण खोडताना त्याला थांबणं सोसवतं. मूल अजून अंगावर पीत असेल किंवा आईवाचून खात नसेल, तर मात्र सोबतच जाऊ द्या. तेव्हा निघण्याआधी ताईंना भेटून सांगा. स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांची नोंद घेण्यासाठी राज्यात स्वतंत्र पद्धत आहे, पोषण ट्रॅकरमध्येही मुलाचं नाव दुसऱ्या अंगणवाडीकडे देता येतं, आणि तेलंगणातल्या गावीही अंगणवाडी असते. न सांगता गेलं तर इथे मूल गैरहजर दिसतं आणि तिथे त्याची नोंदच नसते. आहार, लस आणि वजन, तिन्ही सुटतात. मोहफुलांच्या दिवसांत गावातच दुसरी अडचण येते. पहाटे मोठी माणसं वेचायला जातात आणि धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण शाळा बुडवते. अंगणवाडी वेळेवर उघडली तर ती मुलगी शाळेत जाऊ शकते. एका खोलीचा असा दोन मुलांना उपयोग होतो.

आता तुम्ही काय करावं ते सांगतो. ताईंना आदल्या दिवशी सांगून एका सकाळी अंगणवाडीत जा आणि कोपऱ्यात बसा. दोन तासांत इतकं बघा : ताई मुलांना नावाने हाक मारतात का, प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबतात का, मुलांच्या हातात काही वस्तू आहेत का, आणि मुलं आपसात बोलताना त्यांना दटावून गप्प केलं जातं का. भिंतीवरच्या चित्रांकडे बघू नका, ती रंगाऱ्याने काढलेली असतात. साधनं कपाटात कुलूपबंद असतील तर ती का, हे प्रेमाने विचारा. बहुतेकदा हरवली तर हिशेब कोण देणार ही भीती असते, आणि पालकांनी ‘हरवलं तर आम्ही चिंचोके, खडे, काटक्या आणून देऊ’ म्हटलं की कपाट उघडतं.

यातलं बरंचसं बरं दिसलं, तर नातवाला सहा वर्षं होईपर्यंत तिथेच ठेवा आणि कॉन्व्हेंटच्या फीमधून त्याला रोज एक अंडं आणि महिन्याला एक चित्रांचं पुस्तक आणा. बरं दिसलं नाही, तर नुसतं मूल काढून नेऊ नका, कारण मागे राहतात ती मुलं ज्यांचे आजोबा पत्र लिहीत नाहीत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्या आणि दोनच गोष्टी विचारा : गेल्या वर्षी ते दहा टक्के कशावर खर्च झाले, आणि मुलांशी बोलायला-खेळायला ताईंना रोज दोन तास मोकळे मिळावेत म्हणून गाव काय करणार. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला द्या.